अर्ध्या डोक्याचा बहिष्कार

तीर्थस्वरूप भावोजींना साष्टांग नमस्कार (डोकं खाली घालूनच, हल्ली ते वर काढायची सोय राहिलेली नाही). गुडघा जिना चढू देतो ना? ताईचं ब्लडप्रेशर ताळ्यावर आहे का? बहिष्कार समितीचे अध्यक्ष झालात, मनापासून अभिनंदन. परदेशी मालाविरुद्धचं तुमचं पत्रक आमच्या गल्लीत घरोघर पोचलं आणि तिथूनच माझे हाल सुरू झाले. तुम्हाला दोष देत नाही, आपलं सांगतो.

येत्या सोमवारी व्हिसासाठी वकिलातीत मुलाखत आहे. लेकीचं पहिलंच बाळंतपण, तेही परमुलखात, आणि तिची आई तर केव्हाच गेली. मीही गेलो नाही तर तिला कोण आहे हो? पासपोर्टवरच्या फोटोत माझे केस काळेभोर आहेत, म्हणून काल कलप लावायला सलूनमध्ये गेलो. आमच्या सलूनवाल्याला सगळे परराष्ट्रमंत्री म्हणतात. (नजर टीव्हीवरच्या चर्चेवर, हातात वस्तरा आणि वस्तऱ्याखाली आपली मान, त्यामुळे त्याचं धोरण सगळ्यांना पटतं.) माझी डावी बाजू रंगवेपर्यंत त्याने आयात शुल्क दुप्पट केलं, दोन करार मोडले आणि तुमचं पत्रक खड्या आवाजात वाचून दाखवलं. मला कुठली दुर्बुद्धी सुचली कोण जाणे! मी चष्मा लावून कलपाची बाटली उचलली आणि ती कुठे बनली ते मोठ्याने वाचलं. नेमका तोच देश, भावोजी, ज्याच्यावर आपला बहिष्कार! बाकावरचा शिंपी (ज्याचं शिलाई मशीन त्याच देशाचं आहे) "शेम शेम" ओरडला. मंत्री पडला तत्त्वाचा माणूस. उरलेला कलप त्याने तिथल्या तिथे बेसिनमध्ये ओतला. टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही वाजवल्या, आणि मग आरशात पाहिलं. डावीकडून चाळिशीचा, उजवीकडून सत्तरीचा.

मग स्वावलंबन करून पाहिलं. देशी कलप कपाळाला बसला, कानाला बसला, केसांना काही केल्या बसेना. शिंपी मध्यस्थीला आला आणि टोपी शिवून देतो म्हणाला, पण वकिलातीत टोपी काढायला लावतात. टक्कल करावं, तर फोटोतला माणूस मीच हे साहेबाला कोण पटवणार? मंत्र्याला विचारलं, तर तो म्हणतो, देशासाठी थोडी झळ सोसायला हवी. झळ माझ्या डोक्याला आणि टाळ्या याला! संताप संताप झालाय नुसता.

ताईला नमस्कार.

तुमचा (निदान डाव्या बाजूने) आज्ञाधारक मेहुणा

ता. क. तुमच्या बाथरूमच्या कपाटात, गुडघ्याच्या तेलामागे, तीच बाटली आहे. गेल्या खेपेला टॉवेल शोधताना दिसली. आजच कुरियरने पाठवा.

ता. क. २. मंत्री म्हणतो, दोन पाठवा आणि लेबलं खरवडून पाठवा. कुठून येणार हे त्याने विचारलं नाही.

ता. क. ३. आत्ता लेकीचा व्हिडिओ कॉल आला. उजवी बाजू लपवून बोलत होतो. "बाबा, जरा इकडे वळा बघू," म्हणाली. वळलो. पोट धरून हसली, आणि हसता हसता रडायलाच लागली. "कसेही या, पण या." भावोजी, बाटली विसरू नका. पत्रकावरच्या फोटोत या वयातही तुमचे केस काय काळेभोर आलेत! मंत्र्याला मी अजून काही बोललेलो नाही.