खिळे काढलेली जमीन

ता. ४

पोचलो एकदाचे. खोली मैदानाला लागूनच आहे, दोन मोठ्या खिडक्या, नळाला धो धो पाणी. आमचे हे आल्या आल्या पलंगावर आडवे झाले आणि म्हणाले, आता काम संपेपर्यंत इथून हलणार नाही. इथे मुलांसाठी खेळाचं मैदान व्हायचंय. त्याआधी जमिनीतलं लोखंड काढायचं, उद्या कुणाच्या पायात खिळा जायला नको. मेटल डिटेक्टर मी फिरवायचा आणि खणायचं ह्यांनी. म्हणजे मी बोट दाखवीन तिथे नवरा मुकाट्याने खणणार, वर पगार दोघांनाही. असं सुख कुणाच्या नशिबी असतं?

ता. ५

जमीन मोठी द्वाड निघाली. माती काळी-तांबडी, लोखंडाच्या कणांनी भरलेली, त्यामुळे मशीन जाईल तिथे कोकलतं. मग बसून जमीन जुळवली. एखादा स्वच्छ तुकडा शोधायचा, मशीनची तबकडी वरखाली करत राहायचं आणि मातीचा आवाज बसेपर्यंत बटण हळूहळू फिरवायचं. सासू-सुनेसारखंच आहे ते, एकमेकींची सवय झाली की कुरकुर थांबते.

आधीचा मशीनवाला काम अर्धवट टाकून गेला म्हणे. त्याने भंगार गाळायचं बटण पार टोकाला नेऊन ठेवलं होतं. मग मशीन बाटल्यांच्या झाकणांना, तारांना, खिळ्यांना, कशालाच दाद देईना. अरे, खिळेच तर काढायचेत ना? कामचुकार मेला. मी ते बटण शून्यावर आणलं.

ता. ७

मधल्या भागात खिळेच खिळे. वीतभर लांब, जाड डोक्याचे, हाताने घडवलेले. एरवी जमिनीतला खिळा आडवातिडवा पडलेला असतो आणि मशीन तुटक खरखर करतं. इथे प्रत्येक वेळी स्वच्छ, गोल आवाज. कारण सगळे सरळ उभे, डोकी वर. मोठं रिंगण आणि आत भरगच्च खिळे. हे म्हणाले, कुणा खुळ्या सुताराचं काम असणार. दोघांनी सगळे उपटून पिंपात टाकले, दुपारपर्यंत रिंगण साफ.

वॉचमनकाका एरवी भारी बोलघेवडे. आज कुंपणापाशी आले, पिंपात डोकावले आणि चहाला थांबा म्हटलं तरी थांबले नाहीत.

ता. ८

आज जमीन जुळेना. मातीचा आवाज बसवला की घटकाभरात मशीन पुन्हा बोंबलतं, तेही त्या रिंगणातच. हे म्हणाले, बॅटरी उतरली असेल. नवी घातली. तरी तेच. माती एका जागी असली की तिचा आवाजही ठरलेला असतो. तो बदलतो तेव्हा माती हललेली असते.

खिळे धुतले तर एकाचंही टोक टोकदार नाही. सगळी चपटी झालीत, खालून कुणीतरी वर्षानुवर्षं दाबत राहावं तशी. मला हे आवडलेलं नाही. ह्यांना सांगितलं तर हसतात.

ता. ९

काकांना गाठलंच. खाली काय आहे ते त्यांनाही माहीत नाही. खिळ्यांनी दाबून ठेवलंय, एवढंच त्यांच्या आजोबांनी त्यांना सांगितलेलं. आधीच्या मशीनवाल्याला त्यांनीच बजावलं होतं, म्हणून त्याने बटण तसं ठेवलं. मग मला का नाही सांगितलं, म्हणून मी भडकले. ते म्हणाले, "बाई, लावलेल्या बटणाला कुणी हात लावेल असं वाटलंच नाही मला."

मी लावते. दुसऱ्याच्या जुळवणीवर मी मशीन चालवत नाही, आणि त्याची केवढी ती टिमकी वाजवत आले.

माझी झोप उडाली, हे बघून ह्यांनी संध्याकाळी पिंप पालथं केलं आणि निम्मे खिळे परत ठोकले. नुसतं माझ्या समाधानासाठी.

ता. १०

ठोकलेले खिळे सकाळी बोटभर वर आले होते. हे पहार घेऊन त्यांना आत दाबायला गेले. भर उन्हात. मी कुंपणाशी उभी, बघतेय. जमीन त्यांच्या पायाखाली खचली. पहारीसकट आत गेले. ओरडलेसुद्धा नाहीत. मी पोचले तर माती सपाट. खड्डा नाही, भेग नाही. नखांनी उकरलं. काकांनी माणसं आणली, पुरुषभर खणलं. घट्ट माती, दुसरं काहीही नाही.

ता. ११

मशीनला पहार लागली. खोल, खूप खोल. मग सरकली. जिवंत आहेत, सरकतेय म्हणजे जिवंतच आहेत. काका म्हणतात, पहार सरकते हे खरं. पण ती कोण सरकवतंय?

माणसं आता खणायला तयार नाहीत. खड्डा बुजवला. रिंगण पुन्हा ठोकतायत. त्यांच्या पाया पडले — कुणी ऐकत नाही —

ता. १२

पहार वर येतेय. सगळे खिळे ठोकून झाले, फक्त मधली एक जागा राहिली. तिथे मी बसलेय. उठत नाही म्हणून काकांनी खिळा आणि हातोडा माझ्यासमोर ठेवला. लिहितेय तोवर तो उचलावा लागत नाही.

भोवतीचे खिळे हलायला लागलेत. माणसं पळाली. काका एकटेच, कुंपणाबाहेर.

ठकठक. न्हाणीघरात टॉवेल विसरले की हे दार वाजवतात, अगदी तसं. मी विचारलं, कोण. खालून ह्यांच्या आवाजात आलं, "अगं, हात दे."

काका ओरडतायत, ठोका. कसा ठोकू? ह्यांच्यावर खिळा कसा —

माती फुगली. बोटं. त्यांचीच, मला कळतं ना. डावा हात दिलाय. गरम आहे. धरलाय मी, सोडणार नाही —

ओढतेय, वर येत नाहीत. हेच ओढतायत. मनगट मातीत गेलं — अहो, हळू —

हातोडा लांब राहिला —

ह्या हाताला अंगठा नाहीये, नुसती बोटंच बो