मला काहीच दिसलं नाही

नागपूर, ऑगस्ट १९७४

आदरणीय फादर,

ऑपरेशनच्या टेबलावर माझं हृदय बंद पडलं आणि डॉक्टरांनी ते पुन्हा चालू केलं. आता रविवारी मिस्साला वेदीपाशी उभं राहून, मी स्वर्गाचा उजेड पाहिला अशी साक्ष द्यावी, असं तुम्ही म्हणता. खरं सांगते, नुसता अंधार होता.

सासूबाई खाटेजवळून हलत नाहीत. “काहून लपवून राहिली वं? माहा अंतोन भेटला असंन ना तुले?” अंतोन म्हणजे माझा धाकटा दीर, गेल्या वर्षी तापाने गेला. “नाही भेटला, आई,” म्हटलं, तर तोंड फिरवून रडल्या.

म्हातारीच्या समाधानासाठी थोडं बोललं तर पाप नाही, असं तुम्ही सुचवलंत. फादर, खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा तुम्हीच आमच्याकडून घोकून घेतलीत ना? अंतोन देवाजवळ आहे, हे मी ऑपरेशनच्या आधीही मानत होते. त्याला माझ्या डोळ्यांचा दाखला कशाला?

रविवारी मी सासूबाईंचा हात धरून उभी राहीन आणि मोठ्याने सांगेन, “मला काही दिसलं नाही, तरी माझा विश्वास आहे.”

हे पत्र मात्र पाठवत नाही. वाचलंत तर मला उभंच करणार नाही.

तुमच्याच मंडळीतली हट्टी,
फिलोमिना साळवे