वहिनीचा फ्लास्क

३ मार्च
वहिनीच्या पेशींच्या खाद्यातलं सीरम आज निम्म्यावर आणलं. वासराच्या रक्तातला हा पिवळट द्रव कमी केला की पेशी हिरमुसतात, आणि लॅबच्या मॅडमना तर तो पूर्ण बंद करायचाय. वहिनी स्वतः कधी ताटावर कुरकुरली नाही. तिच्या पेशींचे नखरे मात्र बघावेत!

तिला जाऊन सात महिने झाले. ल्युकेमिया. लॅबसाठी रक्ताचा नमुना द्यायची वेळ आली तर म्हणाली, "घ्या की, मला काय करायचंय त्यांचं." तिच्या पेशींच्या गोठवलेल्या दोन्ही कुप्या जागवून पाहिल्या, त्या मेलेल्याच निघाल्या. जिवंत पेशींचा उरलाय तो हा एकच फ्लास्क.

१४ मार्च
अर्ध्याअधिक पेशी गेल्या.

२१ मार्च
सीरम शून्य. घाईत होते — एकाच पिपेटनं आधी लॅबच्या जुन्या पेशींना खाद्य घातलं, मग वहिनीच्या पेशींना. आमच्याकडे याला माफी नाही. त्या जुन्या आडदांड पेशी कुणा परक्या माणसाच्या, दोन वर्षं सीरमशिवाय मजेत जगतायत. एक जरी इकडे आली तरी बघता बघता सगळं घर बळकावेल.

मॅडमना सांगायला गेले. त्या फोनवर होत्या. पुन्हा गेले नाही.

९ एप्रिल
फ्लास्क गच्च भरलाय. "सीरमशिवाय! तुझ्या हाताला यश आहे गं," मॅडम म्हणाल्या. डबा न उघडताच परत ठेवला. या वहिनीच्या नाहीतच. मरायला टेकलेल्या पेशी अशा एकाएकी उठून बसतात होय?

१० एप्रिल
मॅडमनी दादाला बोलावून घेतलं. मायक्रोस्कोपला डोळा लावून किती वेळ बसला. "ही तीच ना?" मी हो म्हटलं. "हट्टी होती. टिकणारच." मग हळूच विचारलं, हातात घेऊ का जरा. मी दिला. सख्ख्या भावाच्या हातात कुणा परक्याच्या पेशी दिल्या. लाज वाटते माझी मला.

१३ एप्रिल
मॅडम आता या पेशी बाकीच्या लॅबना वाटणार. म्हणजे माझं खोटं दहा ठिकाणी वाढणार. खरं सांगायचं तर दादालाही सांगावं लागेल. ते मला जमणार नाही.

फ्लास्कमध्ये ब्लीच ओतलं. बुरशी लागली म्हणून सांगितलं. दादाला फोन केला. "बरं," म्हणाला. मग म्हणाला, "तू जेवलीस का?"

१७ एप्रिल
मॅडमनी एक कागद पुढे ठेवला. "वाटायच्या आधी खात्री असावी म्हणून गेल्या आठवड्यात थोड्या पेशी डीएनए तपासणीला पाठवल्या होत्या. तपासणीत त्या संपल्याच. आता काय उपयोग म्हणा."

वहिनीच्याच होत्या. परकी एकही नव्हती.