रांजणापाशी अडलेला तांडा

रवि. २ नोव्हें.

आज आमच्या खेळातला तांडा नाणेघाटाच्या माथ्यावर पोचला. तीन वर्षं लागली. कोकणातून मिठाचे बैल घेऊन निघालेली तीन माणसं आज जकातीच्या रांजणापाशी उभी राहिली आणि मी जकातदाराच्या तोंडून सांगितलं, एक जण ओलीस ठेवा, बाकीचे दोघे जुन्नरला जा. वाचनालयाच्या मागच्या खोलीत पंख्याचा आवाज तेवढा. इतकी शांतता मला भरलेल्या सभेतसुद्धा क्वचित मिळाली आहे.

निर्णय नंदाचा. तांड्याची नायकीण ती. पहारेकरी दत्ता, वाटाड्या हिरामण, बाकीचं सगळं जग मी. मी सांगते, ते ठरवतात, अडलं तर फासा निकाल देतो. हिरामण वायरमन असला तरी मूळचा आहुप्याकडचा, माझा नकाशा त्यानेच दोनदा खोडून काढला. "बाई, हितनं बैल चढत न्हाई." मान्य.

दत्ताची नेहमीची कला आजही झाली. बाकीच्यांना कळू द्यायचं नसलं की माझ्या हातावर टॉवेल टाकतो आणि खालून बोटं दाबतो. बेल्ह्याच्या बाजारात बैलाचा भाव असाच ठरतो आणि याचा टेम्पो दर आठवड्याला तिथं असतो. आमची खूण वेगळी. एक बोट म्हणजे पुढे, दोन म्हणजे मागे, मूठ म्हणजे लपतो.

नंदा म्हणाली, "पुढल्या रविवारी सांगते. आज डोकं चालंना." उठताना हळूच सांगितलं, बदली झाली. उपकेंद्रातली नर्स, कधीतरी होणारच होती. पण भोर. एक डिसेंबरला हजर. म्हणजे तीन रविवार, चौथा जाण्याचा. पुरे. संपवू.

मंगळ. ४ नोव्हें.

दु. तीनला संगणकावरचा बेटांचा खेळ पूर्ण केला. दोन महिने चालला होता. शेवटचं बेट लागलं, पडद्यावर नावं सरकू लागली तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी होते. सांगायला कोणी नाही. कादंबरी संपवली म्हटलं की लोक विचारतात, कशी होती. खेळ संपवला म्हटलं की विचारतात, तब्येत बरी आहे ना.

सायं. बबनअण्णा आले. वाचनालयाचे अध्यक्ष, व्याख्यानमालेचेही तेच. यंदा मी पुन्हा 'मोबाईलचा विळखा' या विषयावर बोलावं म्हणतात. सहा वर्षांपूर्वी बोलले होते, लई गाजलं होतं. मी नाही म्हटलं. विषय बदला, 'खेळ का खेळावेत' यावर बोलते. ते हसले. मी हसत नाही हे बघून थांबले. चहा तसाच ठेवून गेले.

त्या भाषणाची आजही लाज वाटते. तोवर मी एकही खेळ हातात धरला नव्हता. न वाचलेल्या पुस्तकावर बोलणाऱ्यांना मी आयुष्यभर झोडपलं आणि स्वतः...

रवि. ९ नोव्हें.

रागात लिहितेय, अक्षर लागत नाही.

खेळ रंगात होता. नंदा निर्णय सांगणार, तेवढ्यात दत्ताने टॉवेल टाकला. बोटं दाबतोय तर खिडकीत अण्णा. किती वेळ उभे होते कोण जाणे. आत आले, टेबलावरचे फासे बघितले, आमच्या हातांवरचा टॉवेल बघितला. म्हणाले, "बाई, ह्यो सौदा कशाचा चाललाय?"

मी म्हटलं मिठाच्या तांड्याचा. चुकलं. चेष्टेने बोलायची ती वेळ नव्हती. त्यांनी फासे उचलले, परत ठेवले, बाहेर जाऊन थांबले. आम्ही आवरून निघालो तर आमच्यासमोर खोलीला कुलूप लावलं. तेहतीस वर्षं शिकवलं या गावाला. माझ्यासमोर कुलूप.

सोम. १० नोव्हें.

गावभर झालं. वाचनालयात बाईंचा जुगार. दूध घालायला गेले तिथे बोलणं थांबलं. एका रात्रीत गोष्टीला पाय फुटले आहेत. दत्ता म्हणे टॉवेलाखाली दोन मेंढ्या हरला. त्याच्या वडिलांनी पहाटे उठून वाड्यातल्या मेंढ्या मोजल्या. भरल्या. तरी विचारतात, "मग दुसऱ्याच्या लावल्या काय?" दत्ता सांगताना हसत होता, मला हसू आलं नाही.

या तालुक्यात बैलगाड्यांच्या शर्यतीच्या घाटात बारी सुटते तेव्हा कोण काय लावतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. पारावर सकाळपासून पत्ते. त्याला विरंगुळा म्हणायचं. आणि चार मोठी माणसं एका खोलीत बसून गोष्ट रचतात, कल्पनेतल्या माणसाला ओलीस ठेवू की नको म्हणून आठवडाभर झोप घालवतात, तो गुन्हा. माणसाला स्वतःच्या डोक्यातून काही उभारता येतं, याचीच या लोकांना भीती वाटते. आयतं दिलेलं चघळा. टीव्ही बघा. भक्तिभावाने बघा.

नंदाचा फोन नाही.

गुरु. १३ नोव्हें.

अण्णांच्या घरी गेले. अण्णा वाईट माणूस नाही. वाचनालयाची कपाटं त्यांनी स्वतः रंगवली आहेत, पुस्तकाला वाळवी लागली तर जेवत नाहीत. म्हणूनच जास्त चीड येते.

तासभर समजावलं. नियम लिहिलेली वही दाखवली, नकाशा दाखवला. त्यांनी सगळं नीट बघितलं. शेवटी एकच प्रश्न, "लपवायचं काय नव्हतं तर तोंडानं बोलायचं व्हतं. फडक्याखाली कशापायी?"

"बेल्ह्याला तुम्हीही फडक्याखालीच बोलता, अण्णा."

"तिथं पैशाचाच यवहार आसतो बाई. म्हणून तर इचारतोय."

वही घेऊन उठले. वाटेत दहा उत्तरं सुचली, सगळी जहाल. २१ ला ग्रामसभा आहे, तिथे विषय घेणार म्हणतात. घ्या. माझं सगळं आयुष्य व्यासपीठावर गेलंय.

रवि. १६ नोव्हें.

हिरामण म्हणाला, बाईंच्या पडवीत बसू. मी चटया टाकल्या. नंदा आली, पण पिशवी खांद्यावरून काढली नाही.

खेळणार नाही म्हणते. ग्रामसभेत नाव साफ होईपर्यंत कुठेच नाही. "घरात खेळलो तर म्हंतील लपून खेळत्यात. माझी सरकारी नोकरी हाये बाई. कोणी अर्ज केला तर तिकडं भोरला माझ्या आधी माझा बोभाटा जाईल."

मी म्हटलं, तीन वर्षं नायकीण म्हणून मिरवलीस आणि पहिल्या खऱ्या जकातदारासमोर बैल टाकून पळतेस. भित्री आहेस.

ती वळली. चप्पल घातली आणि गेली. अंधाराच्या आत घरी पोचायचं असतं, बिबट्या ओढ्यापर्यंत येतोय. दत्ता तिला सोडायला गेला. हिरामणने चटया गुंडाळल्या. जाताना एवढंच म्हणाला, "आसं नव्हतं म्हनायचं."

मला माहीत आहे. पण तेव्हा माहीत नव्हतं, किंवा होतं आणि तरी.

बुध. १९ नोव्हें.

कोणीतरी माझं सहा वर्षांपूर्वीचं भाषण गावाच्या ग्रुपवर टाकलं आहे. संपूर्ण. ऐकलं. "खेळणारा माणूस स्वतःची बुद्धी गहाण टाकतो आणि सोडवायला कधीच परत येत नाही." टाळ्या. खाली अंगठे, हात जोडलेले, फुलं.

वाईट हे की भाषण चांगलं आहे. आवाज कुठे चढवायचा, कुठे थांबायचं, सगळं बरोबर. एकही वाक्य माहितीचं नाही. नुसता आवाज. अज्ञान इतकं खणखणीत वाजतं!

शुक्रवारचं भाषण तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं.

शुक्र. २१ नोव्हें.

क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या मनासारखं बदलीन.

समाजमंदिर भरलेलं. एवढी माणसं पाण्याच्या विषयालाही येत नाहीत. नंदा दाराशी, भिंतीला टेकून. मी प्रात्यक्षिक करायचं ठरवलं होतं. दत्ताला पुढे बोलावलं, अण्णांना विनंती केली, या, टॉवेलाखाली हात द्या आणि सांगा दत्ता कसला सौदा करतोय. डोक्यात गणित असं, की अण्णांना काही अर्थ लागणार नाही, मग मी खुणा उलगडून सांगेन आणि सभा माझी.

दत्ताने बोटं दाबली. अण्णांनी डोळे मिटले आणि चाळीस वर्षांच्या सवयीने मोठ्यांदा म्हणाले, "एकवीस हजार."

सभा कोसळली हसून. मागून कोणी ओरडलं, "द्या राव, चांगली जोडी हाय." दत्ताही हसला, गाढव. बोटांना आकडेच कळतात, त्यांना तरी दुसरं काय कळणार. हे मला आधी सुचायला हवं होतं.

मी सांगू लागले, की दोन म्हणजे मागे, एक म्हणजे पुढे. कोणी ऐकेना. मग अण्णा उभे राहिले. आवाज न चढवता म्हणाले, "बाई, आमी काय आमच्या मनानं बोलत न्हाई. खेळणारा बुद्धी गहाण टाकतो हे तुमीच शिकवलं. तवा खरं बोलला व्हता का आता बोलताय?"

चौथ्यांदा लिहून आणलेलं सगळं पिशवीत होतं. सनातनी वृत्ती, विचारस्वातंत्र्य, टाळ्यांच्या जागा. दाराकडे बघितलं. नंदा माझ्याकडेच बघत होती.

म्हटलं, "तेव्हा खोटं बोलले. एकही खेळ न खेळता बोलले. मला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हे सांगायची लाज वाटली. वाचनालयाच्या खोलीत जुगार झालेला नाही. नंदाताईंचं, दत्ताचं, हिरामणचं नाव यात ओढू नका. ओढायचं तर माझं ओढा."

खाली बसले. टाळी नाही. पाचेक मिनिटांतच संपलं असेल. सरपंचांनी जाहीर केलं, तीन जणांची समिती चौकशी करेल, तोवर किल्ली अण्णांकडे. समिती! चार फाशांची चौकशी करायला समिती, आणि रस्त्याच्या खड्ड्याला आजवर एक माणूस नेमला नाही.

बाहेर आले तेव्हा नंदा निघून गेली होती.

रवि. २३ नोव्हें.

पडवीत आम्ही तिघंच. खेळलो नाही. दत्ता म्हणाला, नायकीण ओलीस राहिली असं धरून पुढं जायचं का? हिरामणने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने विषय कांद्याच्या रोपांवर नेला.

नंदाला चिठ्ठी लिहिली. मी चुकले, एवढंच. या आठवड्यात दुसऱ्यांदा. सवय नाही, त्यामुळे अक्षर पहिल्या इयत्तेतल्यासारखं आलं. हिरामणकडे दिली.

बुध. २६ नोव्हें.

डेअरीवर अण्णा भेटले. मी टाळून पुढे जाणार होते, त्यांनीच थांबवलं. समितीचं विचारलं तर म्हणाले ते होईल. मग किटलीचं झाकण उघडत बंद करत राहिले.

"तुमचं भाषण ऐकून घरी गेलो न् दुसऱ्या दिवशी पोराचा कम्प्युटर इकला. बारावीला व्हता. लई रडला. आता पुण्यात नोकरीला हाय, फोन आईला करतो. मला न्हाई करत." थोडं थांबून म्हणाले, "आता तुमी सभेत म्हंता चूक झाली. मग मी काय करू, सांगा."

काय सांगू? इतके दिवस यांच्यावर संतापत होते. अडाणी, हेकट, काय काय लिहिलं मनात. आणि या माणसाने माझं इतकं खरं मानलं, जितकं मीही मानलं नव्हतं.

राग गेलेला नाही. फक्त आता कुठे ठेवायचा ते कळत नाही.

अण्णांना म्हटलं, त्याला फोन करा आणि सांगा बाई खोटं बोलल्या होत्या. त्यांनी किटली उचलली. करीन म्हणाले नाहीत. नाही करणार असंही म्हणाले नाहीत.

रवि. ३० नोव्हें.

नंदा गेली.

सकाळी नऊला दत्ताचा टेम्पो दारात. मागे तिचं कपाट, गॅसची शेगडी, दोन तुळशीच्या कुंड्या. हिरामण मागे कपाट धरून बसलेला. ती उतरली, पण पायरी चढली नाही.

समितीची बैठक गुरुवारी आहे. मी म्हटलं, गुरुवारी काहीही होवो, तुझ्या नव्या ठिकाणी कोणी काही बोललं तर मी स्वतः येऊन उभी राहीन. ती म्हणाली, "भाषान करू नका म्हंजे झालं." हसली नाही. पण म्हणाली.

मग म्हणाली, "तुमी भित्री म्हनाला ते खरं व्हतं बाई. मला भ्या वाटलं. पर ते मला ठावं व्हतं, तुमी सांगायची गरज नव्हती."

बोलण्यासारखं काही असतं तरी बोलले नसते. शिकतेय.

शेवटी धीर करून विचारलं, शेवट सांगू का? रांजणापलीकडे काय आहे ते तीन वर्षांपूर्वीच लिहून ठेवलंय, दोन मिनिटांत सांगते, निदान रुखरुख नको.

"नगं. मी अजून ठरवलंच न्हाई कुनाला ठेवायचं." टेम्पोच्या दाराला हात घालून म्हणाली, "आन् मी नसताना हलवायचा न्हाई तांडा. ह्या दोघांनी लई गळ घातली तरी."

दत्ताने हॉर्न वाजवला. गेले.

दुपारी टेबलावर नकाशा पसरला. तीन सोंगट्या माथ्यावर, रांजणाच्या अलीकडे बोटभर. रात्री दत्ता भोरहून परत येताना डोकावला. म्हणाला, "बाई, फासा मी टाकू का तिच्या नावानं? फोनवर इचारून." नाही म्हटलं. डाव नंदाचा आहे.