चौतीस वर्षांनी आलेलं व्याकरण

एटोबिको, कॅनडा,
१२ जानेवारी २०२५

ती. आजोबांस शि. सा. न. वि. वि.

माझं डिसेंबरचं पत्र तुम्ही लाल शाईनं सुधारून परत पाठवलंत, ते पोचलं. सतरा चुका! ‘ड्राइव्हवे शोव्हल केला’ खोडून ‘बर्फ उपसला’ केलंय. उपसतात विहीर, आजोबा. एकदा इथं येऊन शोव्हल करा, म्हणजे कळेल.

मी ज्यांच्या बेसमेंटमध्ये राहते त्या मिलेनाकाकू स्लोव्हेनियाच्या. तुमची लाल पानं बघून पोट धरधरून हसल्या. त्यांच्या किचनमध्ये एका दाढीवाल्या पाद्र्याचं चित्र आहे. काकू पक्क्या कॅथलिक, हा प्रोटेस्टंट; पण त्याला सगळं माफ म्हणे. त्यांच्या भाषेतलं पहिलं छापील पुस्तक त्याचं, १५५० सालचं. तेव्हा गावागणिक बोली वेगळी, लिहायचं कसं ते कुणालाच ठाऊक नाही. साध्या माणसाला कळलं की झालं, असं ठरवून हा लिहून मोकळा झाला. भाषेला वळण लागलं ते तिथून. आणि व्याकरणाचं पुस्तक कधी आलं? चौतीस वर्षांनी!

आता मुद्द्याचं. आजीला फोनवर ऐकू येईनासं झालंय. मला तिचं पत्र हवंय. पण लग्नानंतर तिनं माहेराहून तुम्हाला लिहिलेलं पहिलंच पत्र तुम्ही असंच रंगवून परत धाडलंत, तेव्हापासून तिनं पेन धरलेलं नाही. आता तुम्हीच निस्तरा.

रागावलात तरी लोभ आटू देऊ नका.

तुमची,
देवयानी

दारव्हा,
८ फेब्रुवारी २०२५

चि. देवयानीस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळाले. नऊ चुका, प्रगती आहे. सुधारलेली प्रत सोबत जोडली आहे.

पाद्रीबुवा थोर खरे, पण त्यांना वऱ्हाडात शाळा चालवायची नव्हती. शुद्ध लिहा, नाहीतर लिहू नका, हेच मी जन्मभर शिकवले. तुझ्या आजीने त्यातले दुसरे तेवढे ऐकले. मला हे ठाऊक नव्हते असे म्हणणे खोटे होईल.

तिच्यापुढे कोरा कागद ठेवला आहे. ती म्हणते, आधी लाल पेन माझ्या हवाली करा. हा निव्वळ हट्ट आहे. विचार करतो.

प्रकृतीस जपावे, आमची आठवण ठेवावी.

तुझा आजोबा,
सूर्यकांत

दारव्हा,
२ मार्च २०२५

माह्या देवयानीले आजीचे लय लय आशीर्वाद.

बावन्न वर्सांनी लिहून रायली. तू काऊन एवढी वाळली वं? फोटोत नुसते डोयेच दिसते. बर्फ काढतानी कानाले रुमाल बांधत जाय. त्या मिलेनाबाईले सांग, तुमच्या पाद्र्यानं माहं काम केलं. तिले झुणका करून खाऊ घाल.

लाल पेन म्या तांदयाच्या डब्यात लपवलं होतं. तुह्या आजोबायनं शोधून काढलं अन् आता समोर बसले, वाचू दे म्हणते. देऊन रायली बाप्पा, पाहू काय करते.

माया अशीच ठेवजो.

तुही आजी

(खाली लाल शाईत)

वाचले. पुन्हा वाचले. एकही चूक नाही. शोव्हल करताना रुमाल बांध.
— आजोबा