सूनबाईंचे गोल्डफिश

१४ ऑगस्ट १९९६, नोएडा

हॉलमध्ये काचेची टाकी आली! आत सहा गोल्डफिश. "अश्लेषाची लहानपणापासूनची हौस आहे, बाबा," हेरंब म्हणाला. सूनबाईंनी मान डोलावली. दोघं दिवसभर ऑफिसात. हौस कोण पुरवणार? मी तर पुढच्या महिन्यात झेलम एक्स्प्रेसने पुण्याला परत चाललो. इथे माझं कुणावाचून काही अडत नाही, आणि कुणाचं माझ्यावाचूनही नाही.

१७ ऑगस्ट

पाणी गढूळ. म्हणजे माझं खातं! जन्म गेला पुण्याच्या पाणीपुरवठ्याच्या फिल्टर हाउसमध्ये. तुरटी फिरवली, वर चिमूटभर ब्लीचिंग पावडर. अख्खं शहर पितं, माशांना काय धाड भरलीय?

संध्याकाळी सगळे मासे वर येऊन धापा टाकायला लागले. घाईघाईने पाणी बदललं. तरी एक गेला. "असू द्या हो, बाबा," एवढंच अश्लेषा म्हणाली. रागावली असती तर बरं वाटलं असतं. फार लाज वाटली.

१८ ऑगस्ट

पुण्याला एसटीडी लावला. सूर्यकांत, आमचा जुना केमिस्ट, आधी पोटभर हसला. "तात्याराव, मासे पाण्यात खातात आणि पाण्यातच घाण करतात. त्या घाणीचा अमोनिया होतो. तो खाणारे जंतू फिल्टरमध्ये वाढू द्यायचे असतात. तू त्यांनाच ब्लीचिंग पाजलंस! जन्मभर जंतू मारलेस, आता पोस!"

वर मला सांगतो, क्लोरीन उडायला नळाचं पाणी रात्रभर बादलीत उघडं ठेव. मला!

२० ऑगस्ट

हेरंबबरोबर अट्टा मार्केटला. दुकानात फिल्टरच्या तीन तऱ्हा. एक जाळीची प्लेट, वर खडी – थेट आमच्या फिल्टर हाउसमधल्या वाळूच्या थरासारखी. बघून ऊर भरून आला. पण तुंबली की सगळी खडी उपसायची. दुसरी मोटर, इम्पोर्टेड. "बाबा, हीच घेऊया, बिल्कुल टॉप क्लास!" हेरंब. अरे, पण नोएडाची लाइट? मोटर बंद पडली की जंतू आत गुदमरणार. तिसरा साधा स्पंज, हवेच्या छोट्या पंपावर चालणारा. पंप इन्व्हर्टरवर सहज चालेल.

स्पंज घेतला. हेरंबचं तोंड एवढंसं झालं.

२४ ऑगस्ट

लाइट गेली. इन्व्हर्टर म्हातारा – पंखा लावला तर पंप किती वेळ चालेल, सांगता येत नाही. पंखा बंद केला. हेरंब घामाघूम. मासे मजेत!

२ सप्टेंबर

रोज थोडं पाणी बदलतो, खाणं बेताचं घालतो. स्पंज तपकिरी होत चाललाय. कामवाली प्रभा भांडी घासता घासता तो साबणाने धुवायला निघाली होती! मी ओरडलो. "गंदा है, बाबूजी!" "गंदा ही चाहिए!" म्हणालो. माझ्या तोंडून हे वाक्य! खातेप्रमुखांनी ऐकलं असतं तर पेन्शनच थांबवली असती.

११ सप्टेंबर

पाणी लख्ख. पाचही ठणठणीत.

झेलम परवा. अश्लेषाला म्हटलं, स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलका पिळायचा, नळाखाली नाही – जमेल ना? तिचा चेहरा कसनुसा झाला. बिचारी! लहानपणची हौस, आणि मी गेल्यावर सगळे मासे मरणार. हेरंबला सांगितलं, तिकीट रद्द कर. पुण्याची फार आठवण येते. पण पोरीचं मन मोडवेना.

२२ सप्टेंबर

कंबर धरलीय. अश्लेषाला म्हटलं, तेवढा एक मासा जाळीने बादलीत घे. जाळी टाकून ती सोफ्यावरच चढली! "बाबा, मला नाही जमणार! मला माशांची किळस येते हो, पहिल्यापासून! तुम्ही दिवसभर गॅलरीत एकटेच बसायचात, म्हणून आम्ही आणले ना!"