अक्काच्या डोक्यावरचं चुंबक

नांदेड, १२ जून २०११

चि. संगप्पास कुसुमअक्काचे अ. उ. आ.

फोनवर मी तुला गाढव म्हणते अन् तू पलीकडून हाव अक्का, हाव अक्का करतोस. म्हणून लिहून राहिले; हात अजून धड हाय. माझ्या आजारात मज्जातंतू वाळतात, म्हणून जिभेचे स्नायू ढिले पडलेत, माझं बोलणं कुणाला कळत नाही. औषधानं फार फरक नाही. आता डॉक्टरीणबाईंनी एक अभ्यास काढलाय. डोक्यावर चुंबकाचं कडं धरतात, टकटक होते, मेंदूला चालना मिळते. चिरफाड काही नाही. निम्म्या लोकांना खरं कडं, निम्म्यांना नुसतं टकटकणारं; कुणाला कोणतं, ते शेवटी सांगणार. शिवाय रोज मोठ्यानं बोलायचा सराव. मला भ्या वाटतं. तू क्लासमध्ये पोरांना चुंबकच शिकवतोस ना? मग सांग, जाऊ का?

माझ्या भावजयीला, महानंदाला आशीर्वाद. भावावर माया आहेच, ती कमी होणार नाही.
तुझी अक्का

लातूर, १९ जून

ती. अक्कास शि. सा. न.

बिनधास्त जा. पहिल्या दिवशी मी येतो. क्लास बुडाला म्हणून पालक ओरडतील, ओरडू देत. सराव माझ्यासंगंच कर, रोज संध्याकाळी फोनवर.

धाकट्यावर लोभ ठेव.
संगप्पा

नांदेड, ३० जुलै

चि. संगप्पास अ. उ. आ.

काल निकाल कळला. मला खोटं कडं होतं! म्हणजे पहिल्या दिवशी टकटक ऐकून तू भूकंप समजून बाहेर पळालास, तो खोट्या यंत्राला भिऊन. किल्लारीला अठरा वर्षं होत आली, तरी तुझे पाय तयारच. लई हसले, मग रडू आलं. मला वाटत होतं, जीभ सुधारली. तूही म्हणालास, आता सगळं कळतंय. मी पेढे वाटले रे! आता खरं कडं देतो म्हणतात, पण गुण येईलच असं नाही. माझं मन राखायला थापा मारल्यास का? खरं काय ते लिही.

राग नाही, आशीर्वादच आहे.
अक्का

लातूर, ४ ऑगस्ट

ती. अक्कास शि. सा. न.

थाप न्हाई. काल तू बोलत असताना फोन महानंदाच्या कानाला लावला. तिला एक शब्द कळला नाही. मला सगळं कळलं होतं, तिच्या वरणात मीठ जास्त असतं हेसुद्धा. तेव्हा उमगलं. जीभ होती तशीच आहे. रोज ऐकून माझा कान तयार झाला. खरं कडं घे. गुण आला तर सोन्याहून पिवळं, न आला तरी फोन बंद करायचा नाही. महानंदा म्हणते, उद्यापासून तीही रोज ऐकणार. तवा वरणाचं काय बोलायचं ते या महिन्यातच बोलून घे. पुढच्या महिन्यात तिला कळायला लागेल.

आम्हां दोघांवर माया असू दे.
संगप्पा